खिशातला ग्रंथ आणि त्याचा कारभारी

पुस्तक विकत घेणे म्हणजे काय, असा प्रश्न आपल्या वाडवडिलांस कधी पडला नाही. दुकानात जावे, किंमत मोजावी, पुस्तक काखोटीस मारून घरी यावे, की व्यवहार संपला. पुढे ते फडताळात ठेवा, समासात शाईने शेरे मारा, शेजाऱ्यास वाचावयास देऊन त्याची आशा सोडा, नाहीतर वाळवीस खाऊ घाला. दुकानदाराचा त्याच्याशी काडीचाही संबंध उरत नसे. हा संबंध कधीच तुटत नाही असे पुस्तक एकविसाव्या शतकात निघाले, आणि त्याचा पुरावा जुलै २००९ मध्ये अमेरिकेतील काही वाचकांस मिळाला. 'किंडल' नावाच्या वाचनयंत्रावर त्यांनी जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' व 'अॅनिमल फार्म' ही पुस्तके रीतसर पैसे देऊन घेतली होती. एके दिवशी यंत्र उघडून पाहतात तो पुस्तके नाहीत! ज्या कंपनीने ती अॅमेझॉनच्या दुकानात विक्रीस ठेवली होती तिच्यापाशी त्यांचे हक्कच नव्हते. हे ध्यानात येताच अॅमेझॉनने ती बिनतारी मार्गाने वाचकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकली व पैसे परत केले. मिशिगन राज्यातील एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी टिपणे केली होती. टिपणे मागे राहिली, पण ज्या मजकुरास ती जोडलेली होती तोच नाहीसा झाला. तो कोर्टात गेला. अॅमेझॉनचे प्रमुख जेफ बेझोस यांनी त्याच महिन्यात जाहीर माफी मागितली. योगायोग असा की, 'नाइन्टीन एटी-फोर'मध्ये सरकारला अडचणीचे झालेले कागद भिंतीतल्या भोकात टाकून नष्ट करण्याचीच व्यवस्था वर्णिलेली आहे.

पैसे परत मिळाले हे खरे. परंतु कोणी मध्यरात्री आपल्या घरात शिरून कपाटातले पुस्तक उचलून न्यावे आणि जाताना टेबलावर त्याची किंमत ठेवून जावी, तर त्याला सज्जन म्हणावे की चोर?

असे होऊ शकते ह्याचे कारण यंत्राच्या पोटात बसलेला कारभारी. वाचनयंत्र म्हणजे एक पडदा, एक बॅटरी, चारदोन बटणे व एक चिप, एवढेच. बटण दाबले असता पान पुढे जावे की मागे, कोणते पुस्तक उघडावे व कोणते उघडू नये, अक्षर केवढे असावे, दुकानाशी केव्हा बोलावे, हे सारे ठरवते ती यंत्रात कायमची साठवून ठेवलेली आज्ञावली. तिला फर्मवेअर म्हणतात. हा शब्द अॅशर ऑप्लर ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली 'डेटामेशन' मासिकातील एका लेखात प्रथम योजला. हार्डवेअर कठीण, सॉफ्टवेअर मऊ, आणि ह्या दोहोंच्या मधले काहीतरी घट्ट, अशी त्यामागील कल्पना. ऑप्लरच्या मनातला अर्थ पुष्कळ मर्यादित होता. पुढे शब्द पसरला, आणि आज धुलाईयंत्रापासून मोटारीपर्यंत सर्वांच्या पोटातील आज्ञावलीस तोच लावतात. यंत्राचे धनी तुम्ही. दप्तर, किल्ल्या व शिक्का मात्र ह्या कारभाऱ्यापाशी. धनी साताऱ्यास आणि कारभार पुण्यास, ही व्यवस्था मराठी श्रोत्यांस समजावून सांगण्याची गरज नाही.

आम्हांस येथे जो इतिहास सांगावयाचा आहे तो धन्यांनी हा कारभारी बदलण्याचा. ही मंडळी कोणा एका गावची नव्हेत, एका देशाचीही नव्हेत. बहुतेक परस्परांस कधी भेटलीही नाहीत. पगार कोणास नाही. तरी पंचवीस वर्षे हे काम चालू आहे.

प्रथम यंत्राविषयी दोन शब्द. ह्या यंत्रांचा पडदा दूरचित्रवाणीसारखा स्वतः प्रकाश टाकीत नाही. अमेरिकेत एम.आय.टी.मधील संशोधनातून १९९७ साली 'ई इंक' नावाची कंपनी निघाली. तिच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत द्रव, आणि त्यात तरंगणारे पांढरे व काळे कण. पांढऱ्यांवर एका प्रकारचा विद्युत्भार, काळ्यांवर उलट प्रकारचा. विजेचा दाब ज्या बाजूस द्यावा त्याप्रमाणे पांढरे वर येतात किंवा काळे. एकदा कण जागेवर बसले की वीज बंद केली तरी ते तेथेच राहतात. पान वाचीत असता यंत्र जवळजवळ काहीच खात नाही. खाते ते पान उलटताना. म्हणून लहानशा बॅटरीवर ते दिवसेंदिवस चालते, आणि उन्हात कागदासारखे दिसते.

ह्या पडद्याचे पहिले विकाऊ वाचनयंत्र सोनी कंपनीने एप्रिल २००४ मध्ये जपानात आणले. नाव 'लिब्रिए'. सहा इंची पडदा, काळ्यापांढऱ्याच्या चार छटा, चार बारीक सेल. यंत्र देखणे होते, पण त्याच्या दुकानातली पुस्तके साठ दिवसांनी आपोआप बंद पडत. म्हणजे विक्री नव्हेच, भाडे. शिवाय सारा कारभार जपानी भाषेत. तरी परदेशातील हौशी लोकांनी ते मागवले, उघडून पाहिले, आणि त्यांस आढळले की आत लिनक्स आहे. थोड्याच दिवसांत यंत्राच्या सूचना इंग्रजीत आणणारा बदल तयार झाला. सोनीच्या खास स्वरूपातील पुस्तके ज्याने त्याने घरी करावी, अशी साधनेही झाली. साठ दिवसांची अट ज्या दुकानाची होती त्या दुकानात जाण्याचेच कारण मग उरले नाही.

लिनक्स सापडली ह्यास महत्त्व होते. ती ज्या परवान्याखाली वाटली जाते त्याची अट अशी की, जो ती आपल्या यंत्रात घालून विकेल त्याने मूळ लिखाण, म्हणजे जे वाचून आज्ञावली कशी रचली ते कळते ते, मागणाऱ्यास दिले पाहिजे. कंपन्या ही अट सोयीस्करपणे विसरत. २००३ साली लिंकसिस कंपनीच्या घरगुती राउटरमध्ये लिनक्स असल्याचे उघड झाले, ओरड झाली, आणि कंपनीस लिखाण प्रसिद्ध करावे लागले. त्यातून 'ओपनडब्ल्यूआरटी' हा पर्यायी कारभारी उभा राहिला व शेकडो प्रकारच्या राउटरांवर चालू लागला. पण लिखाण हाती नसतानाही काम करणारे लोक होतेच. स्वीडनमधील काही मित्रांनी २००१ च्या अखेरीस आर्कोस कंपनीच्या गाणी वाजवणाऱ्या यंत्रासाठी 'रॉकबॉक्स' सुरू केले. त्यांनी कंपनीची एकही ओळ न घेता सारी आज्ञावली नव्याने लिहिली. रॉकबॉक्सची एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. त्यातील सूचना बोलून दाखवण्याची सोय त्यांनी केली, आणि ज्या यंत्राच्या कारखान्याने अंधांचा विचारही केला नव्हता ते यंत्र अंधांस एकट्याने वापरता येऊ लागले. असले काम नफ्यातोट्याच्या हिशेबात बसत नाही. ज्यास गरज आहे तो किंवा त्याचा मित्रच ते करतो.

२००६ च्या शरद ऋतूत सोनीने 'पीआरएस-५००' हे यंत्र अमेरिकेत आणले. त्यात पुस्तके भरण्याची आज्ञावली फक्त विंडोजवर चालणारी. मूळचे भारतीय असलेले कोविद गोयल तेव्हा कॅलिफोर्नियात पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी होते व लिनक्स वापरीत. यंत्र संगणकाशी काय बोलते हे त्यांनी तारेवरून ऐकून ऐकून उलगडले आणि स्वतःची आज्ञावली लिहिली. तिचे पहिले नाव 'लिबपीआरएस५००'. २००८ पासून 'कॅलिबर'. आज जगभरचे वाचक आपला ग्रंथसंग्रह तिच्यात लावतात. काटेकोर बोलावयाचे तर हे फर्मवेअर नव्हे, कारण ते संगणकावर चालते. पण पुस्तके कोणत्या वाटेने यंत्रात जावीत हे दुकानदाराच्या हातून सुटले, ते येथे.

त्यानंतर गर्दी झाली. किंडल १९ नोव्हेंबर २००७ रोजी ३९९ डॉलरांस विक्रीस आले आणि साडेपाच तासांत संपले. चीनमधील तिआनजिनच्या एका कारखान्याचे 'हॅनलिन व्ही३' हे यंत्र देशोदेशी निरनिराळ्या नावांनी विकले जाई. त्यासाठी रशियन भाषिक मंडळींनी 'ओपनइंकपॉट' ही संपूर्ण मोकळी व्यवस्था रचली. कॅनडातील 'कोबो' २०१० मध्ये आले. कोबोच्या कर्त्यांनी दार फारसे घट्ट लावले नाही: एक ठराविक नावाची फाइल एका लपलेल्या कप्प्यात ठेवली की यंत्र तिच्यातील सामान निमूटपणे आत घेते. किंडलचे तसे नाही. तेथे फट शोधावी, कंपनीने पुढच्या सुधारणेत ती बुजवावी, पुन्हा नवी शोधावी, असा लपंडाव वर्षानुवर्षे चालला.

ह्या काळातील सर्वांत टिकाऊ काम 'कोरीडर'चे. २०११ मध्ये किंडलवर पीडीएफ नीट वाचता यावे एवढ्याच हेतूने ते सुरू झाले. मोठ्या कागदाचे पान सहा इंची पडद्यावर मावावयाचे कसे? अक्षर मुंगीएवढे होते. ह्या लोकांनी पानाचे समास छाटले, ओळी कापून पुन्हा जुळवल्या. पुढे ते कोबो, पॉकेटबुक व इतर यंत्रांवर गेले. कोरीडर जुन्या कारभाऱ्यास घालवीत नाही. त्याच्या शेजारी आपली गादी मांडते, आणि वाचनापुरता कारभार स्वतः पाहते.

येथे एका आक्षेपास उत्तर दिले पाहिजे. हे लोक कुलपे फोडणारे, म्हणजे पुस्तकचोरच, असे प्रकाशकांकडून म्हटले जाते. पुस्तके फुकट लुटणारे लोक आहेत व त्यांची बाजू आम्ही घेणार नाही. लेखकाच्या पोटावर पाय देऊन वाङ्मय वाढत नाही. परंतु यंत्राचा कारभारी बदलणे आणि पुस्तकावरचे कुलूप फोडणे ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पहिलीत मनुष्य स्वतः विकत घेतलेल्या वस्तूत फेरफार करतो. आणि दुसरीविषयी बोलताना हेही सांगितले पाहिजे की, घेतलेल्या पुस्तकाची प्रत संगणकावर उतरवून तारेने किंडलमध्ये नेण्याची जी सोय होती, ती अॅमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. प्रत आपल्या घरी ठेवण्याची जी एक पायवाट होती तीही गेली. त्या दिवसांत कोबो, कोरीडर, कॅलिबर ही नावे ज्यांनी कधी ऐकली नव्हती असे लोक त्यांची चौकशी करू लागले, ह्यात नवल नाही.

आता खिशाकडे वळू. आतापर्यंतची यंत्रे कोटाच्या खिशातही जेमतेम मावणारी. २०२५ मध्ये 'एक्सटिंक एक्स४' नावाचे चिनी यंत्र आले, पडदा ४.३ इंच, जाडी ६ मिलिमीटरहून कमी, वजन पाऊणशे ग्रॅमच्या आसपास, किंमत ६९ डॉलर. मागे लोहचुंबक, म्हणजे दूरध्वनीच्या पाठीस चिकटवून हिंडावे. पडद्यास स्पर्श कळत नाही, बटणेच दाबावी लागतात. आतून उजेडही नाही. लोकांस ते आवडले, पण त्यातला कारभारी आवडला नाही. २०२५ च्या अखेरीस एका वाचकाने 'क्रॉसपॉइंट' ही पर्यायी आज्ञावली लिहून सर्वांस मोकळी केली: कोणीही घ्यावी, बदलावी, वाटावी. पाहता पाहता अनेक हात लागले.

हे काम किती अरुंद जागेत करावयाचे होते ते पाहण्यासारखे आहे. किंडल-कोबोत लिनक्स असते, म्हणजे लहानसा का होईना, संगणकच. एक्स४ मध्ये आहे शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची 'ईएसपी३२-सी३' ही चिप, जी मुख्यतः विजेचे दिवे व बटणे दुरून चालूबंद करण्यासाठी वापरतात. तिच्यापाशी कामापुरती स्मृती सुमारे ३८० किलोबाइट. पडदा ४८० गुणिले ८०० ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढेच लिहून ठेवावयाचे तरी एका पानाचे चित्र ४८,००० बाइट घेते. ई-पुस्तक दाबून बांधलेल्या गाठोड्यासारखे असते, ते सोडावयास ३२ किलोबाइटची मोकळी जागा लागते. उरलेल्या जागेत यंत्राचा बाकीचा कारभार. कादंबरी काही मेगाबाइटची असली तर ती एका वेळी स्मृतीत येणे शक्यच नाही. लहान खोलीत पंगत वाढावयाची असली की आपल्याकडे पाने लावून, जेवण उरकून, पुन्हा पाने लावतात. तीच युक्ती येथे आहे. एक प्रकरण घ्यावयाचे, त्याचे शब्द मोजून ओळी पाडावयाच्या, ओळींची पाने करावयाची, आणि कोठे काय बसते ते मेमरी कार्डावर लिहून ठेवून खोली रिकामी करावयाची. प्रकरण प्रथम उघडताना क्षणभर थांबावे लागते. नंतर पाने भराभर येतात, कारण मांडणी आधीच झालेली असते. ज्यांना संगणकाची स्मृती म्हणजे पाण्यासारखी वाहणारी वस्तू वाटते त्यांनी हा काटकसरीचा संसार पाहावा.

आणखी एक गोष्ट ह्या मंडळींनी केली, ती आम्हांस चिपेच्या गणितापेक्षा मोलाची वाटते. यंत्रात काय आणावयाचे नाही हे त्यांनी लिहून ठेवले. टिपणवही नको, गणकयंत्र नको, बातम्या नकोत. हे वाचावयाचे यंत्र आहे. कंपनीचा कारभारी असा निग्रह सहसा करीत नाही, कारण त्याला काहीतरी विकावयाचे असते.

असो. हे सारे इंग्रजी पुस्तकांचे झाले. मराठी पुस्तक ह्या यंत्रात घातले तर?

छापण्याच्या यंत्राची व आपल्या लिपीची गाठ पडण्याची ही पहिली वेळ नव्हे. गणपत कृष्णाजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम पाहून शिकले, स्वतःचा शिळाछाप उभा केला, आणि १८३१ मध्ये त्यावर पंचांग काढले. छापलेल्या पंचांगाच्या शाईत चरबी असते असा लोकांचा संशय, म्हणून त्यांनी शाईत तूप घातल्याचे प्रसिद्ध आहे. यंत्र परक्याचे असले तरी त्यातील मसाला आपल्या लोकांस चालेल असा आपणच करावा लागतो, हे त्यांस कळले होते. आजच्या यंत्रात तुपाचे काम नाही, अक्षरजुळणीचे आहे.

रोमन लिपी यंत्रास सोपी. एका अक्षरास एक खिळा. ओळीने मांडीत जावे. लहान यंत्रांच्या आज्ञावलीत म्हणूनच अक्षरांची चित्रे काही ठरावीक आकारांत आधी काढून ठेवतात आणि एकापुढे एक उमटवतात. देवनागरीत हे चालत नाही. संगणकात 'कि' लिहिताना आधी क येतो व मागून वेलांटी. पडद्यावर वेलांटी आधी दिसली पाहिजे. 'धर्म' मधला र म च्या आधी साठवलेला असतो, पण त्याचा रफार म च्या डोक्यावर चढतो. जोडाक्षरांचे तर विचारूच नये. खिळे जुळवणारा माणूस हे सारे हाताच्या सवयीने करी; यंत्रास ते शिकवावे लागते. शिकवले नाही तर वेलांटी अक्षराच्या मागे लोंबकळते, जोडाक्षरे पाय मोडून लंगडत चालतात, आणि छापील पानाऐवजी अपघाताचे ठिकाण पाहिल्यासारखे वाटते.

मोठ्या यंत्रांवर ही अडचण आता राहिलेली नाही. किंडलच्या दुकानात मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तके डिसेंबर २०१६ मध्ये आली. कोरीडर अक्षरजुळणीसाठी 'हार्फबझ' नावाची मोकळी आज्ञावली वापरते. हे नाव फारसीवरून घेतलेले आहे. हर्फ म्हणजे अक्षर. तिचा प्रमुख कर्ता बेहदाद एस्फाहबोद हा इराणी वंशाचा. फारसी-अरबी लिपीतही अक्षर शेजार पाहून रूप बदलते, त्यामुळे आपली अडचण त्यास सांगावी लागली नसावी. तीच आज्ञावली फायरफॉक्समध्ये आहे, अँड्रॉइड दूरध्वनींत आहे; मराठी वाचणाऱ्या लक्षावधी लोकांच्या डोळ्यांपुढची अक्षरे तिने जुळवलेली असतात.

३८० किलोबाइटच्या घरात मात्र हा पाहुणा सहजी मावत नाही. क्रॉसपॉइंट बाहेर पडली तेव्हा तिच्यातील खिळे प्रामुख्याने युरोपीय लिप्यांचे होते. आम्ही कागदावर हिशेब करून पाहिला. देवनागरीचे जोडाक्षरांसह सातशे खिळे धरले आणि प्रत्येक खिळ्यास तीनशे बाइट दिले, तर दोन लक्ष दहा हजार बाइट होतात. यंत्राच्या कायम साठवणीत १६ मेगाबाइट आहेत. म्हणजे खिळ्यांस जागा विपुल. उणीव आहे ती जुळाऱ्याची. पण जुळाऱ्याने यंत्रातच बसले पाहिजे असेही नाही. पुस्तक कार्डावर चढवण्यापूर्वी घरच्या संगणकावर शब्द जुळवून घेतले व 'ह्या ओळीत हे हे खिळे' एवढीच यादी यंत्रास दिली, तर गरीब चिपेस वेलांटीचे व्याकरण शिकण्याचे कारण नाही. ह्यात अक्षर लहानमोठे करण्याचे स्वातंत्र्य कमी होईल. पण छापील पुस्तकात ते कोठे होते?

यंत्र बिघडण्याची भीती ज्यांस वाटते त्यांस एवढे सांगतो की, ईएसपी३२-सी३ च्या पोटात कारखान्यातच कोरलेली एक छोटी आज्ञावली असते, ती पुसता येत नाही, आणि तारेने जोडून नवा कारभारी आत घेण्याचे काम ती करते. चुकले तर पुन्हा घालावे. ज्या तरुणांस हे काम हाती घ्यावयाचे असेल त्यांनी पहिल्या चाचणीस नेहमीचे सोपे शब्द घेऊ नयेत. 'किल्ल्यांच्या', 'वाङ्मय', 'धर्म', 'स्त्री', 'उद्ध्वस्त', 'दऱ्याखोऱ्यांत' आणि 'कऱ्हाड' हे सात शब्द एका ओळीखाली एक लिहावेत. शेवटच्या दोहोंत र चे जे आडवे चंद्रकोरीसारखे रूप आहे ते हिंदीत लागत नाही. हिंदीवर बेतलेली जुळणी नेमकी तेथे अडखळते.